एका जानेवारीसाठी बारा महिने

आमच्या शाळेतल्या बायकांना अजून वाटतं, की मी वर्षभर विलायतेत मजा मारून आले. परवा मधल्या सुट्टीत एकीने विचारलंच, "बाई, तिकडे बर्फ पडताना किती छान वाटत असेल नाही हो?" छान! मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "बस, सांगते तुला छान." तेवढ्यात घंटा झाली आणि ते राहिलं. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. ज्यांना तिकडे कधी जायचं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या लेकी तिकडे आहेत त्यांच्यासाठीही.

मी डहाणूला मराठी शाळेत शिकवते. आमचे हे रेल्वेत, पार्सल ऑफिसात. सुमन, म्हणजे सुमी, आमची एकुलती एक. तिचं लग्न डॉक्टरशी झालं. जावई मधुकरराव पुढच्या परीक्षेसाठी इंग्लंडात गेले, यॉर्कशायर म्हणून परगणा आहे तिथल्या एका गिरण्यांच्या गावी इस्पितळात लागले, मागोमाग सुमी गेली. पहिलं मूल तिथेच झालं, नोव्हेंबरात. मुलगा होता. जानेवारीत न्यूमोनियाने गेला. आम्हाला पत्र पोचलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यानंतर सुमीच्या पत्रांत हवापाण्याशिवाय काही नसायचं. आज धुकं, काल पाऊस. मी ती पत्रं वाचायची आणि भांडी आपटायची.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. मधुकररावांनी बोटीचं तिकीट पाठवलं आणि लिहिलं, "आई, तुम्ही या. या वेळी तिला एकटीला ठेवायची माझी छाती होत नाही." मूल ऑगस्टअखेर व्हायचं होतं. म्हणजे जानेवारी उजाडेल तेव्हा ते चारपाच महिन्यांचं असणार. तेवढा एक जानेवारी त्याला पार करून द्यायचा, एवढंच मनाशी धरून मी निघाले. त्या दिवसांत डहाणू स्टेशनात जो तो भांडत होता, की आपला तालुका पुढे महाराष्ट्रात जाणार की गुजरातेत. मी म्हटलं, कुठेही जाऊ दे, माझं नातवंड राहू दे.

एप्रिल

बोटीचं वर्णन करत नाही. ओकाऱ्या सगळ्यांनाच होतात. गाडीतून उतरले तेव्हा आपल्याकडे चैत्र चालू असणार, महालक्ष्मीची जत्रा, कैरीचं पन्हं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिकडे म्हणे वसंत! स्टेशनात लोक एकमेकांना "काय सुंदर दिवस!" म्हणत होते आणि माझे दात वाजत होते. तासाभरात ऊन पडलं, गारा पडल्या, पुन्हा ऊन पडलं. घरापुढच्या हातभर बागांत पिवळी फुलं वाऱ्याने पार आडवी होत होती. गाव सगळं काळं. दगडच धुराने काळा पडलेला, भिंतीला हात लावला तर हात काळा.

सुमी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. जवळ घेतलं तर पाठीची हाडं लागली हाताला. पाचवा महिना आणि ही अवस्था! "सुमे, जेवतेस की नुसती ताटाकडे बघतेस?" म्हटलं. हसली, पण कामापुरती.

घर मिसेस बूथ नावाच्या बाईंचं. मी त्यांना बूथबाईच म्हणायची. साठीच्या विधवा, उंच, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने फटकळ. म्हणजे थेट माझ्यासारख्या, म्हणून पहिल्या दिवसापासून आमचं वाजलं. खाली त्या राहत, वरच्या दोन खोल्या आमच्या. सकाळी उठल्या की घरभर फिरून खिडक्या सताड उघडायच्या. "हवा खेळली पाहिजे, लव्ह." त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणायच्या, कोळसेवाल्यालाही. त्यांची पाठ वळली की सुमी मागून जाऊन खिडक्या लावायची. निजायच्या खोलीच्या खिडकीला तर तिने फटीफटींतून वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून टाकल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, आता उन्हाळा येतोय ना?"

"येईल आणि जाईलही," ती म्हणाली. मला लेकीचंच पटलं. बूथबाई म्हणजे हवेचं वेड लागलेली बाई, असं माझं मत झालं.

मे आणि जून

मे महिना तिथला सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. आपण मे महिन्यात सावली शोधतो, ते लोक ऊन शोधतात. म्हाताऱ्या दारात खुर्च्या मांडून तोंड वर करून ओळीने बसतात, धाकट्या डहाणूला बोंबील वाळत घातल्यासारख्या.

बोंबलांवरून आठवलं. मी सुके बोंबील डब्यात घट्ट बांधून नेले होते. डोहाळे लागलेल्या लेकीला माहेरची चव नको? एका दुपारी बूथबाईंच्या स्वयंपाकघरात भाजायला घेतले. पाच मिनिटांत बाई पदराने, म्हणजे एप्रनाने, नाक दाबून धावत आल्या. त्यांना वाटलं गटार फुटलं. मी डबा दाखवला, त्यांनी आत डोकावलं आणि अशा मागे सरल्या की विचारू नका. "तुम्ही हे खाता?" "तुम्ही बीट उकडून व्हिनिगरात घालून खाता, मी काही म्हटलं?" मी विचारलं. सुमी जिन्यात बसून पोट धरून हसली. वर्षभरात ती मोकळेपणाने हसली असेल तर त्या दिवशी. मग बाईंनी घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि हसणं थांबवून सुमी त्या लावायला उठली.

जून महिन्यात सूर्य मावळायला तयारच नसतो. देवापुढे दिवा लावायची वेळ झाली तरी बाहेर लख्ख ऊन. मी आपली "शुभं करोति" म्हणायची आणि समोरच्या गल्लीत पोरं चेंडू खेळायची. जेवून उठलो तरी ऊन. मला वाटायचं, किती बरं, दिवस केवढा मोठा! ज्या दिवशी सगळ्यात मोठा दिवस, त्या दिवशी बूथबाईंनी केक केला होता. सुमी तो तुकडा हातात धरून म्हणाली, "उद्यापासून लहान होत जाणार." मी माझा तुकडा बशीत परत ठेवला. तिथले लोक ऋतू बघून खुश होतात, आणि माझी लेक जूनमध्येच जानेवारी मोजत होती.

जुलै

जुलैत गिरण्या आठवडाभर बंद राहतात आणि सगळं गाव समुद्रावर जातं. धुराडी थांबली तशी गावाभोवतीचे डोंगर एकदम दिसायला लागले, तोवर ते तिथे आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. बाकी पाऊस. पण कसला पाऊस! ना गडगडाट, ना पागोळ्या. आजारी माणसासारखा कण्हत पडणारा.

ऑगस्ट

मुलगी झाली. महिन्याच्या शेवटी, इस्पितळात. भेटायची वेळ ठरलेली, तीही काचेपलीकडून. माझ्या लेकीचं बाळंतपण आणि मी बाहेर बाकावर! मी तिथल्या मोठ्या नर्सला जे काय सुनावलं ते मराठीत सुनावलं, म्हणून निभावलं. मधुकरराव बाहेर आले, भिंतीला टेकले. म्हणाले, "आई, दोघी ठीक आहेत." मी म्हटलं, "तुम्ही आधी बसा."

डोंगर तेव्हा जांभळ्या फुलांनी भरले होते. घरी येताना टॅक्सीवाल्याने कौतुकाने दाखवले. सुमीने बघितलंच नाही. तिचे डोळे बाळाच्या छातीवर, खालीवर होतेय ना याकडे.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर

सप्टेंबरात ऊन उतरतं पण गोड असतं. सकाळी गवतावर दव, कुंपणांना काळी आंबटगोड बोरं लगडलेली. बूथबाई ती टोपलीभर आणून मुरंबा करायच्या. मी बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात मांडीवर आडवी घ्यायची, वेखंड लावायची, काजळ घालायची. सायकलवरून एक सरकारी नर्स दर आठवड्याला यायची. काजळ बघून तिचे डोळे पांढरे झाले. पण खरं भांडण झालं ते बाबागाडीवरून. तिचा हुकूम असा, की मुलीला रोज तासभर गाडीत घालून मागच्या अंगणात उघड्यावर ठेवायचं. थंडी असली तरी.

"उघड्यावर? एकटी?" मी विचारलं.

"हो. ताज्या हवेने मुलं धट्टीकट्टी होतात."

"आमच्याकडे सव्वा महिना बाळंतीण दाराबाहेर येत नाही, आणि ही म्हणते पोर अंगणात टाका!" मी मधुकररावांना म्हटलं. ते बिचारे दोन्हीकडून मार खाणारे. म्हणाले, "आई, इथे सगळेच ठेवतात." खरंच ठेवायचे. दुकानांच्या बाहेर गाड्यांची रांग, त्यांत मुलं झोपलेली, आया दुकानात गप्पा मारताहेत. सुमी नर्सपुढे मान हलवायची आणि ती गेली की दार लावून घ्यायची. मी शेगडीचंही काढलं होतं, की बाळबाळंतिणीला शेक द्यायला हवा, ओव्या-शेपांची धुरी द्यायला हवी. बूथबाईंनी साफ नकार दिला. "माझ्या खोलीत निखारे? घर पेटेल." वरच्या खोलीतली शेकोटीची जागाही त्यांच्या नवऱ्याने मागे कधीतरी फळी ठोकून बंद केलेली. तिथे उबेला एक गॅसची जाळी होती, तिच्यावरच भागवायचं.

ऑक्टोबरात झाडं तांबडी-पिवळी झाली, घड्याळं तासभर मागे घेतली आणि संध्याकाळ एका झटक्यात अंगावर आली. मी एक दिवस सरळच बोलले. "मधुकरराव, मी या दोघींना डहाणूला घेऊन जाते. थंडी गेली की परत पाठवते." ते तयार होते. सुमी तयार होईना. "बोटीवर काही झालं तर? तिथे डॉक्टर कुठून आणू?" राहिलो. त्या नकाराने माझी झोप उडाली ती उडालीच.

नोव्हेंबर

नोव्हेंबर म्हणजे धुकं. आपल्याकडचं नव्हे. कोळशाचा धूर मिसळलेलं पिवळट धुकं, दाराच्या फटीतून आत येणारं. हातरुमाल नाकाला लावून चालायचं, परत आल्यावर बघितलं तर काळा. महिन्याच्या सुरुवातीला ते लोक होळी पेटवतात, वर एक चिंध्यांचा पुतळा जाळतात आणि फटाके उडवतात. दिवाळी आणि होळी एकदमच उरकल्यासारखं वाटलं मला. बूथबाईंनी बोलावलं होतं. मी खिडकीतूनच पाहिलं. सुमी खोलीबाहेर आली नाही. याच महिन्यात तिचा पहिला झाला होता. दिवस कुठला ते तिने सांगितलं नाही, आणि मला ठाऊक असून मी विचारलं नाही. त्या दिवशी तिने बाळाला मांडीवरून खाली ठेवलंच नाही.

खिडकीच्या पट्ट्या तिने पुन्हा नव्याने चिकटवल्या. या वेळी दुहेरी. खळ मीच करून दिली.

डिसेंबर

दुपारचा चहा झाला की अंधार. सकाळी दिवा, दुपारी दिवा. दुकानांतून मात्र रंगीत कागदांची झिरमिळी, पोरं दारोदार गाणी म्हणत हिंडतात, आणि ओळखदेख नसलेला माणूस तुम्हाला हात करून शुभेच्छा देतो. त्या काळोखात हा सण त्यांनी ठेवला हे शहाणपणाचं केलं, नाहीतर माणसं वेडी झाली असती. बूथबाईंनी नातवासाठी विणावा तसा लोकरीचा पायघोळ अंगरखा बाळासाठी विणला. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "यात बोंबलाचा वास लागू देऊ नका." मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

जानेवारी

बर्फ पडला. आवाजच नाही त्याला. सकाळी उठून बघते तो गल्ली पांढरी, काळं गाव पहिल्यांदाच स्वच्छ. नळ गोठले. दूधवाल्याच्या बाटल्यांतलं दूध गोठून बूच वर आलेलं. आणि सुमीला एकच काळजी लागली. रोज सकाळी बाळाचे पाय चाचपून बघायची, माझेही हात लावून घ्यायची. "गार आहेत ना गं?" "नाहीत गं, ऊबदार आहेत." पुन्हा अर्ध्या तासाने तेच. मी तिच्यावर ओरडले नाही. मीसुद्धा एकेक दिवस ढकलत होते.

एका दुपारी बाळाचं पोट दुखत होतं म्हणून ग्राइप वॉटर आणायला निघाले. रस्ता काचेसारखा निसरडा. बूथबाई म्हणाल्या, "तुम्ही पडाल आणि मला उचलावं लागेल," आणि माझा दंड धरून बरोबर आल्या. दुकानात गर्दी, परतताना एकेक पाऊल जपून. दार उघडलं तेव्हा अंधारून आलं होतं. आणि जिन्यात ओव्याचा वास आला.

काय सांगू, मला किती बरं वाटलं! ओवा, शेपा, निखाऱ्याचा धूर. माझं माहेर गंजाडचं. कुडाच्या भिंती, वर कौलं, बाजेखाली शेगडी आणि घरभर हाच वास. मनात म्हटलं, चला, पोरीने शेवटी आईचं ऐकलं. बूथबाईंनी मात्र हवेत नाक वर केलं. "काय जळतंय?" त्या म्हणाल्या आणि माझा हात सोडून जिना चढायला लागल्या.

दार उघडेना. खालच्या फटीत आतून लुगडं कोंबलं होतं. "सुमे!" उत्तर नाही. दोघींनी खांदा लावून दार ढकललं. आत गॅसची ज्योत मुंगीएवढी, गावभर सगळ्यांनीच पेटवल्यामुळे दाब उतरलेला. म्हणून सुमीने खालच्या चुलीतले निखारे लोखंडी बादलीत भरून वर आणले होते, आणि बादली पाळण्याशेजारी ठेवून वर ओवा टाकला होता. ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, मान कलंडलेली. बाळ पाळण्यात. गाल छान लाल. मला वाटलं, ऊब लागून गाढ झोपलंय. उचललं तर मान मागे पडली. हात लोंबले.

बूथबाई किंचाळल्या, "खिडकी!" मी खिडकीला झोंबले. हलेना. आमचीच खळ, आमच्याच दुहेरी पट्ट्या. बाईंनी पायातला जोडा काढला आणि काचेवर हाणला. काच फुटली, बर्फाचा वारा आत घुसला. त्यांनी माझ्या हातातून बाळ हिसकावलं आणि जिना उतरून सुसाट मागच्या अंगणात. मी सुमीला काखेत धरून फरफटत खाली आणलं. कुठून बळ आलं देव जाणे. ती पुटपुटत होती, "दार लाव, आई, दार लाव."

अंगणात बूथबाई गुडघाभर बर्फात उभ्या. लोकरीचा अंगरखा त्यांनी काढून फेकला होता आणि उघड्या बाळाला पालथं धरून पाठ चोळत होत्या. मी शाल घेऊन धावले, "अहो, थंडी लागेल तिला! मरेल ती!" बाईंनी माझा हात असा झिडकारला की शाल बर्फात पडली. "हवा हवीय तिला! हवा!" मी तिथेच थांबले. ज्या हवेला वर्षभर बोटं मोडली, त्याच हवेला हात जोडले. म्हटलं, बाई गं, जा तिच्या छातीत. एकदा जा.

किती वेळ गेला माहीत नाही. बाळाने आधी उचकी दिल्यासारखं केलं. मग ओठ हलले. मग रडली. मांजराच्या पिल्लासारखी, मग मोठ्याने, मग असा टाहो फोडला की शेजारची माणसं दारात आली. बूथबाई बर्फातच मटकन बसल्या आणि त्यांनीही हुंदका दिला. मला म्हणाल्या, "आता टाका तुमची शाल."

दोघींना इस्पितळात नेलं, प्राणवायू दिला. मधुकरराव आले, चेहरा खडूसारखा. कुणालाही बोल लावला नाही. एवढंच समजावलं, की बंद खोलीत कोळसा धुमसला की विषारी वायू साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी गुंगी येते आणि मग माणूस उठत नाही. आमच्या गंजाडला भिंतीतून वारा जातो, कौलांतून धूर निघतो, म्हणून तिथे कितीक बाळंतिणी शेकल्या आणि कुणाला काही झालं नाही. ती भिंत बरोबर न्यायला आम्ही विसरलो होतो.

फेब्रुवारी

फेब्रुवारी लहान असतो असं म्हणतात. मला तो संपता संपेना. बर्फ वितळून चिखल झाला, आभाळ भांड्याच्या बुडासारखं. भिंतीच्या कडेला इवलीशी पांढरी फुलं आली, ती बूथबाईंनी बोलावून दाखवली. बाळ चांगलं होतं, खात होतं, पालथं पडत होतं. सुमी मात्र विझल्यासारखी. बाळाला हात लावायलाच घाबरायची. आंघोळ मी घालायची, दूध तेवढं ती द्यायची. फुटक्या काचेला पुठ्ठा लावला होता, तो हलला की दचकायची. मधुकरराव एका संध्याकाळी म्हणाले, "आई, मार्चच्या बोटीने तिघी जा. माझी परीक्षा झाली की मी येतो." तिकिटं काढली. मी खुश व्हायला हवं होतं. पण सुमी "हो" म्हणाली ते विहिरीतून बोलल्यासारखं.

मार्च

मार्चात तिथे नुसता वारा. वाळत घातलेली चादर शेजारच्या धुराड्याला जाऊन अडकते. पण त्या वाऱ्याबरोबर उजेड वाढतो, आणि माणसं हळूहळू रस्त्यात थांबून बोलायला लागतात. निघायच्या आदल्या दुपारी आम्ही ट्रंक भरत होतो. बाळाची झबली, टोपडी, बूथबाईंचा अंगरखा. बाळ पलंगावर पाय झाडत पडलेलं. सुमी झबल्याची घडी घालता घालता थांबली.

"आई, मी तुला एक सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्याच्या वेळी खिडकी मीच उघडी ठेवली होती. नर्स म्हणाली, रात्री थोडी उघडी ठेव. मी ठेवली. त्याच आठवड्यात त्याला खोकला झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उघडी ठेवली म्हणून तो गेला. बंद ठेवली म्हणून ही जात होती. मग मी करू तरी काय, आई? डहाणूला जाऊन काय करू? तिथे कुठली चूक करीन?"

पुष्कळ उपदेश करता आला असता, शाळेत तेच करते मी. पण तिने विचारलं ते इतकं खरं होतं, की खोटं उत्तर देववेना.

"तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता," मी म्हटलं.

ती झबलं ठेवून माझ्याकडे वळली.

"तलासरीच्या शाळेवर होते तेव्हा. तुझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. बारसंही झालं नव्हतं. दूध प्यायला, झोपला, उठलाच नाही. दारं उघडी, खिडक्या उघड्या, अंगण सारवलेलं. शेगडी नाही, धुकं नाही, खोकला नाही. मी काही चुकीचं केलं नव्हतं गं. वर्षानुवर्षं शोधलं. काही सापडलं नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"कुणालाच नाही. तुझ्या बाबांनाही पुन्हा त्याचं नाव काढू दिलं नाही. नाव होतं कुठे म्हणा."

सुमी पलंगावर बसली. बाळाच्या पायाचा अंगठा धरला. मग विचारलं, "महिना कुठला होता?"

"वैशाख. ऐन वैशाख."

"मग वर्षभर त्या बिचाऱ्या थंडीला शिव्या का देत होतीस?"

"मग कुणाला देऊ गं?" मी म्हटलं, आणि इतक्या वर्षांत जे रडले नव्हते ते त्या परक्या खोलीत रडले. लेकीने मला जवळ घेतलं. मी तिला धीर द्यायला साता समुद्रापार आलेली, आणि ती माझी पाठ थोपटत होती. "पुरे आता, आई. पुरे," असं म्हणत, अगदी माझ्याच आवाजात.

मग तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं, उठली, आणि ट्रंकेतून एकेक झबलं बाहेर काढून परत कपाटात लावू लागली. माझी लुगडी तेवढी आतच राहू दिली. मी तिला अडवलं नाही.